'नो मॉड्यूल नेम्ड' आलं? आधी विचारा, कोणता पायथन?

पायथन शिकायला घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात कधीतरी 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड नमपाय' अशी ओळ येतेच. नमपाय ही एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड. लगेच कोणीतरी सांगतं, 'पिप इन्स्टॉल मार.' पिप म्हणजे अशा लायब्ऱ्या उतरवून बसवणारं साधन. मारलं, तर पिप म्हणतं आधीच आहे. प्रोग्राम चालवला, तर तो म्हणतो नाही. इथपर्यंत आल्यावर बरेच जण वैतागून वेबसाइटवरून नवा पायथन उतरवून टाकतात, आणि मग घोळ दुप्पट होतो, कारण आता मशीनवर पायथन दोन झाले.

खरं तर पिपही खोटं बोलत नसतं आणि प्रोग्रामही. या एररचा अर्थ 'ही लायब्ररी तुमच्या कॉम्प्युटरवर नाही' असा नसतो. अर्थ एवढाच, की जो पायथन आत्ता तुमचा प्रोग्राम चालवतोय, त्याला ती त्याच्या ठरलेल्या जागांत सापडली नाही. घरच्या मशीनवर पायथन एकच असतो हा समज आधी सोडा. अधिकृत वेबसाइटवरून उतरवलेला एक असतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नकळत आलेला दुसरा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी अ‍ॅनाकोंडा टाकलं असेल तर तिसरा, आणि थॉनी नावाचा एडिटर तर स्वतःचा पायथन पोटातच घेऊन येतो. प्रत्येकाचा पिप वेगळा आणि लायब्ऱ्या ठेवायचं 'साइट पॅकेजेस' हे फोल्डरही वेगळं. पार्सल सोसायटीत आलंय, पण वॉचमननं ते बी विंगला दिलंय आणि तुम्ही ए विंगच्या दारात वाट बघताय, असा हा प्रकार.

पुढे जाण्याआधी एक सोय. या लेखात कमांड देवनागरीत, फोनवर सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. 'पीवाय' म्हणजे पी आणि वाय ही दोन अक्षरं. 'हायफन एम' म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून एम. बाकी प्रत्येक शब्दानंतर एक स्पेस. आणि सगळ्या कमांड विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायच्या. जिथे 'पेक्षा मोठं'ची (>) तीन चिन्हं दिसतात तो पायथनचा स्वतःचा प्रॉम्प्ट असतो. तिथे पिप इन्स्टॉल लिहिलंत तर 'सिंटॅक्स एरर' येईल, कारण पिपची कमांड म्हणजे पायथनचं वाक्य नव्हे. 'एक्झिट', कंस उघडा-बंद करा, एंटर, आणि बाहेर या.

पहिली पायरी: शेवटची ओळ वाचा

एररचा गठ्ठा कितीही लांब असो, आधी शेवटची ओळ. 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' हा प्रकार पायथन ३.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. त्याआधी सगळ्यालाच 'इम्पोर्ट एरर' म्हणत. आता हे दोन शब्द वेगळं सांगतात. 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणजे त्या नावाचं काही मिळालंच नाही. 'इम्पोर्ट एरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम' म्हणजे मॉड्यूल मिळालं, पण त्यात तुम्ही मागितलेली वस्तू नाही. इथे पुन्हा इन्स्टॉल करत बसण्यात अर्थ नाही. बहुधा आवृत्ती जुनी-नवी असते किंवा भलतीच फाइल उचलली गेलेली असते. 'डीएलएल लोड फेल्ड' असेल तर लायब्ररी आहे, पण तिला लागणारं विंडोजचं काहीतरी नाही. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाकल्यावर ते मिटतं.

मग अवतरणातलं नाव अक्षर अन् अक्षर पाहा. विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल बघत नाही, इम्पोर्ट मात्र बघतो. नमपायचा पहिला एन कॅपिटल केलात तर विंडोजवरसुद्धा मॉड्यूल मिळणार नाही. आणि ते नाव तुम्ही लिहिलेलंच आहे ना, हेही बघा. कधी कधी तुमची लायब्ररी सुखरूप असते आणि तिला लागणारी दुसरी कुठलीतरी गायब असते. अशा वेळी शेवटच्या ओळीत ते दुसरं नाव येतं.

दुसरी पायरी: कोणता पायथन चालतोय ते त्यालाच विचारा

जो प्रोग्राम अडतोय त्याच्या अगदी वर दोन ओळी घाला. पहिली 'इम्पोर्ट सिस'. दुसरीत प्रिंट आणि कंसात 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'. 'सिस' हे एस-वाय-एस. आणि प्रोग्राम नेहमी जसा चालवता तसाच चालवा. व्हीएस कोडचं बटण दाबत असाल तर बटणच दाबा, कमांड प्रॉम्प्टमधून करत असाल तर तिथूनच. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण बटणामागचा पायथन आणि प्रॉम्प्टमधला पायथन वेगळे असू शकतात.

उत्तर म्हणून एक लांबलचक पत्ता येईल. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्रॅम्स, पायथन, पायथन३१३, पायथन डॉट ईएक्सई. हा झाला ३.१३. आता प्रॉम्प्टवर पुन्हा 'पिप इन्स्टॉल नमपाय' करा आणि पिपचं उत्तर यावेळी पूर्ण वाचा. 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड: नमपाय इन' आणि त्यापुढे तसाच एक पत्ता. लोक 'सॅटिस्फाइड' वाचून थांबतात. पुढे वाचा. तिथे पायथन३११ दिसलं की चोर सापडला. नमपाय ३.११ कडे आहे आणि तुमचा प्रोग्राम ३.१३ चालवतोय.

मशीनवर एकूण किती पायथन आहेत ते बघायला 'पीवाय हायफन शून्य पी' अशी कमांड आहे. अंक शून्य, आणि पी त्याला चिकटून. पत्त्यांसकट यादी येते. मात्र अ‍ॅनाकोंडा आणि थॉनीचे पायथन या यादीत दिसतीलच असं नाही.

नुसतं 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर अधिकृत पायथनचा पत्ता विंडोजला माहीत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्ज, अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस इथे जाऊन पायथनच्या नावाची बटणं बंद करा. पायथन इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'अ‍ॅड पायथन टू पाथ' अशी चौकट असते (पाथ म्हणजे विंडोज कमांड ज्या जागांत शोधतं त्यांची यादी). तिच्यावर टिक करायची राहिली की हे होतं. सगळ्यांची राहते. ती इतकी खाली का ठेवली आहे हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

तिसरी पायरी: त्याच पायथनकडून इन्स्टॉल करून घ्या

नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहायची सवय मोडा. ते लिहिल्यावर कुठला पिप धावत येईल ते विंडोजच्या पाथवर अवलंबून असतं, तुमच्यावर नाही. त्याऐवजी 'पीवाय हायफन एम पिप इन्स्टॉल नमपाय'. एकापेक्षा जास्त पायथन असतील तर आवृत्तीही सांगा: 'पीवाय हायफन ३.१३ हायफन एम पिप इन्स्टॉल नमपाय'. 'पिप इज नॉट रेकग्नाइज्ड' ही तक्रारही याच पद्धतीनं परस्पर मिटते.

आणि अजिबात न चुकणारी रीत हवी असेल तर सिस डॉट एक्झिक्युटेबलनं दिलेला अख्खा पत्ता कॉपी करा, प्रॉम्प्टवर दुहेरी अवतरणात चिकटवा, पुढे स्पेस देऊन 'हायफन एम पिप इन्स्टॉल' आणि लायब्ररीचं नाव. अवतरणं लागतात, कारण विंडोजवर युजरच्या नावात नाव-आडनाव असलं की मध्ये स्पेस येते आणि कमांड तिथेच तुटते. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड द्यायच्या दुसऱ्या खिडकीत, अशी अवतरणातली कमांड थेट चालत नाही, आधी 'अँड'चं चिन्ह लागतं. म्हणून कमांड प्रॉम्प्टच बरा.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडा आणि यादीतून हवा तो पायथन घ्या. पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्ती दिसते, तिच्यावर क्लिक करूनही हेच होतं. ज्युपिटर नोटबुकमध्ये सेलमध्येच टक्क्याचं चिन्ह देऊन त्याला चिकटून 'पिप इन्स्टॉल' लिहा. ते त्या नोटबुकच्याच पायथनमध्ये जातं. थॉनीत टूल्स मेनूतलं 'मॅनेज पॅकेजेस' वापरा. अ‍ॅनाकोंडा असेल तर अ‍ॅनाकोंडा प्रॉम्प्ट उघडूनच काय ते करा.

वीज गेली आणि डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर काही बिघडत नाही, तीच कमांड पुन्हा द्या. इन्स्टॉल होता होता तुटलं असेल तर नंतर 'इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्युशन' असा इशारा प्रत्येक वेळी येत राहतो. साइट पॅकेजेसमध्ये जा, ज्या फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला टिल्डचं नागमोडी चिन्ह आहे तो उरलेला कचरा असतो, काढून टाका.

इम्पोर्टचं नाव एक, इन्स्टॉलचं दुसरं

पायथनमध्ये इम्पोर्ट करताना लिहायचं नाव आणि पिपला सांगायचं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. इम्पोर्टमध्ये 'सीव्ही२' असेल तर पिपला 'ओपनसीव्ही हायफन पायथन' सांगायचं (नावातल्या हायफनच्या आजूबाजूला स्पेस नाही). 'पीआयएल' असेल तर 'पिलो'. 'एसकेलर्न' असेल तर 'सायकिट हायफन लर्न'. 'बीएस४' साठी 'ब्युटिफुलसूप४', 'यामल' साठी 'पाययामल' (वाय दोनदा), 'डॉटएन्व्ह' साठी 'पायथन हायफन डॉटएन्व्ह', 'डॉक्स' (डी-ओ-सी-एक्स) साठी 'पायथन हायफन डॉक्स'. पाठ करायची गरज नाही. लायब्ररीच्या स्वतःच्या माहितीपानावर इन्स्टॉलची ओळ सगळ्यात वर असते, तिथून घ्या. अंदाजानं नाव टाकू नका. लोकांच्या टायपिंगच्या चुका हेरून तशाच नावांची घातक पॅकेजेस चढवून ठेवणारे महाभागही असतात.

यातली एक जोडी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. पुण्यात तापकीर गल्लीतून नाहीतर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आर्डुइनो बोर्ड (सेन्सर जोडायचा छोटा सर्किट बोर्ड) आणायचा, यूएसबीला लावायचा आणि पायथननं त्यावरचं तापमान वाचायचं, हा शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टचा ठरलेला खेळ. प्रोग्रामची पहिली ओळ असते 'इम्पोर्ट सिरियल'. एरर येते, नो मॉड्यूल नेम्ड सिरियल. साहजिकच मुलं 'पिप इन्स्टॉल सिरियल' करतात. आणि ते इन्स्टॉल होतं! कारण त्या नावाचं एक वेगळंच पॅकेज खरोखर आहे, ज्याचा यूएसबी पोर्टशी काडीचा संबंध नाही. आता पहिली एरर जाते आणि नवी येते: 'मॉड्यूल सिरियल हॅज नो अ‍ॅट्रिब्युट सिरियल'. मुलं केबल बदलतात, बोर्ड बदलतात, दुकानदाराशी वाद घालतात. बिचाऱ्या बोर्डाचा काही दोष नसतो. हवं असतं ते 'पायसिरियल'. पण नुसतं ते टाकूनही भागत नाही, कारण दोघांच्याही फाइली 'सिरियल' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये जातात आणि एकमेकींत मिसळतात. म्हणून आधी 'पीवाय हायफन एम पिप अनइन्स्टॉल सिरियल पायसिरियल' करून दोन्ही काढा, मग एकटं पायसिरियल टाका.

उलटाही प्रकार आहे. 'टीकेइंटर', 'रँडम', 'डेटटाइम', 'एसक्यूलाइट३' ही मॉड्यूल्स पायथनबरोबरच येतात, पिपनं टाकायची नसतात. 'पिप इन्स्टॉल टीकेइंटर' केल्यावर 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड' येतं ते म्हणूनच.

हेच वाक्य खऱ्या लायब्ररीच्या बाबतीतही दिसू शकतं. त्याच्या वर 'रीट्रायिंग' अशा ओळी असतील तर इंटरनेट किंवा हॉस्टेलचा प्रॉक्सी बघा. नाव बरोबर आहे, नेटही आहे, तरी मिळत नाही, तर बहुधा तुमचा पायथन फार नवा आहे. २०२० पासून दर ऑक्टोबरला पायथनची नवी आवृत्ती येते. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं तीच टाकली जाते आणि टेन्सरफ्लोसारख्या जड लायब्ऱ्या तिच्यासाठी तयार व्हायला पुढे काही महिने जातात. एक-दोन आवृत्त्या मागचा पायथन शेजारी टाका, दोन्ही गुण्यागोविंदानं राहतात. सेकंडहँड मशीनवर ३२ बिटचा पायथन असेल तरी हेच होतं. टेन्सरफ्लोला ६४ बिटच लागतो.

तुमचीच फाइल आडवी येतेय का?

इम्पोर्ट करताना पायथन सहसा सगळ्यात आधी तुमचा प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे बघतो, मग स्वतःच्या ठेवणीत, मग साइट पॅकेजेसमध्ये. हा क्रम लक्षात ठेवला की दोन गोष्टी कळतात.

एक, कासवाची चित्रं काढायचा प्रोग्राम 'टर्टल डॉट पीवाय' या नावानं सेव्ह केलात, तर 'इम्पोर्ट टर्टल' म्हटल्यावर पायथन तुमचीच फाइल उचलतो. मग 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असं काहीतरी भयंकर दिसतं. फोल्डरमध्ये 'ईमेल डॉट पीवाय' पडलेली असेल तर मेल पाठवायचा दुसराच प्रोग्राम 'ईमेल इज नॉट अ पॅकेज' म्हणून मोडतो. पायथन ३.१३ पासून एररमध्येच 'फाइलचं नाव बदलून बघा' असा सल्ला येऊ लागला आहे, त्याआधी मात्र स्वतःच ओळखावं लागतं. नाव बदला, बास. पायकॅश नावाचं फोल्डर उडवा असंही कोणी सांगेल. उडवून तोटा नाही, पण पायथन ३ मध्ये त्याची गरज नसते.

दोन, तुम्ही स्वतः लिहिलेली 'हिशोब डॉट पीवाय' सापडत नसेल तर ती प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये आहे का ते बघा. प्रॉम्प्ट कुठल्या फोल्डरमध्ये उघडलाय याला इथे महत्त्व नाही, प्रोग्रामची फाइल कुठे आहे याला आहे. फाइलच्या नावात स्पेस किंवा हायफन असेल तर इम्पोर्टची ओळ लिहिताच येणार नाही, अंडरस्कोर वापरा. आणि नोटपॅडमध्ये लिहिलं असेल तर एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून पाहा. विंडोज शेपूट लपवतं आणि फाइलचं खरं नाव 'हिशोब डॉट पीवाय डॉट टीएक्सटी' असतं. डोळ्यांना दिसते, पायथनला दिसत नाही.

पुस्तक जुनं असेल तर

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पायथनचं जुनं पुस्तक स्वस्तात आणलंत, तर आधी प्रिंटच्या पुढे कंस आहे का ते बघा. नसेल तर ते पायथन २ चं, ज्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. त्यातलं 'यूआरएललिब२' आता नाही, कॅपिटल टी आणि के असलेलं 'टीकेइंटर' आता सगळं लहान अक्षरांत आहे. ते पुस्तक बाजूला ठेवा, प्रत्येक ओळ दुरुस्त करत शिकण्यात हशील नाही.

पायथन ३ मध्येही काही गोष्टी गेल्या आहेत. 'डिस्टयूटिल्स' आणि 'इम्प' २०२३ च्या ३.१२ मध्ये काढले, 'सीजीआय' आणि 'टेलनेटलिब' २०२४ च्या ३.१३ मध्ये. 'डिस्टयूटिल्स' मागणारी लायब्ररी 'सेटअपटूल्स' इन्स्टॉल केल्यावर बहुधा चालते. बाकीच्यांसाठी पर्याय शोधा.

पुन्हा घोळ नको असेल तर

प्रत्येक प्रोजेक्टला त्याचा स्वतःचा छोटा पायथन द्या. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये प्रॉम्प्ट उघडून 'पीवाय हायफन एम व्हीएनव्ह' लिहा (अक्षरं व्ही-ई-एन-व्ही), स्पेस, आणि पुढे फोल्डरचं नाव म्हणून डॉटला चिकटून पुन्हा व्हीएनव्ह. मग 'डॉट व्हीएनव्ह', उलटी तिरकी रेघ, 'स्क्रिप्ट्स', उलटी तिरकी रेघ, 'अ‍ॅक्टिव्हेट'. ओळीच्या सुरुवातीला कंसात ते नाव दिसलं की तुम्ही आत आहात. आता इन्स्टॉल करताना 'पायथन हायफन एम पिप' म्हणा. पॉवरशेल 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' म्हणून अडवेल, कमांड प्रॉम्प्ट अडवत नाही. व्हीएस कोडमध्ये इंटरप्रिटर म्हणून हाच निवडायला विसरू नका.

हे फोल्डर पेनड्राइव्हवर घालून कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊ नका. त्याच्या आत तुमच्या घरच्या मशीनचे पत्ते कोरलेले असतात, तिथे ते चालणार नाही. त्याऐवजी 'पायथन हायफन एम पिप फ्रीझ', 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी' अशी यादी काढा. लॅबमध्ये नवं व्हीएनव्ह बनवून 'पायथन हायफन एम पिप इन्स्टॉल हायफन आर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी' म्हणा.

विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांना तर हे करावंच लागतं. उबुंटू २३.०४ पासून तिथे व्हीएनव्हच्या बाहेर पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार येतो. त्याच निरोपात 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' अशी पळवाट छापलेली असते. नावातच काय होणार ते लिहिलंय, वापरू नका. व्हीएनव्ह बनत नसेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३ हायफन व्हीएनव्ह', आणि टीकेइंटर नसेल तर त्याच पद्धतीनं 'पायथन३ हायफन टीके'.

एवढं करूनही अडलं आणि ताईला, दादाला किंवा लॅबमधल्या सरांना विचारायची वेळ आली, तर तीन गोष्टी पाठवा: एररचा वरपासून खालपर्यंत पूर्ण मजकूर, सिस डॉट एक्झिक्युटेबलचा पत्ता, आणि त्याच पायथनकडून 'हायफन एम पिप शो' आणि लायब्ररीचं नाव विचारल्यावर आलेलं उत्तर. स्क्रीनचा तिरका फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे समोरच्याला पायथन३११ आहे की पायथन३१३ ते झूम करून शोधत बसावं लागत नाही.